गचका कुणाचा

बोलणारी मी एक गाडी आहे. पांढरी, मागे उघडा हौदा असलेली, पेट्रोलवर चालणारी जुनी पिकअप. वय विचारू नका. माझ्याबरोबर कारखान्यातून निघालेल्या बहिणींपैकी बऱ्याच जणी आता वितळून कुणाच्या तरी घरात पातेली होऊन नांदत असतील, एवढ्यावरून काय ते समजा. मी मात्र अजून रस्त्यावर आहे आणि ठणठणीत आहे. परवापर्यंत हे वाक्य उच्चारायला माझी जीभ धजावली नसती.

जन्माचं फारसं आठवत नाही. एक लांबलचक शेड, वरून येणारा पांढरा उजेड आणि एकामागून एक हात. कुणी दारं बसवली, कुणी दिवे लावले, कुणी इंजिन जागेवर सोडलं. शेवटी एका बाईने फडक्याने माझी पुढची काच पुसली, बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाली, चल, नीघ आता. मी निघाले.

माझा पहिला मालक अंडीवाला होता. त्याच्या हाताखाली मी एकच गोष्ट शिकले, ती म्हणजे हळू उठायचं आणि हळू थांबायचं. पुढे त्याने मोठी बंद गाडी घेतली आणि मला एका काचवाल्याने नेलं. वाळू, विटा, लोखंडी सळया हे इतर पिकअपच्या नशिबी असतं. माझ्या वाट्याला आयुष्यभर फुटणाऱ्याच वस्तू आल्या. त्यामुळे माझा स्वभाव जरा नाजूक झालाय, हे मी मान्य करते.

काचवाल्याने पहिल्याच दिवशी माझ्या हौद्यात लाकडी घोडी बसवली. घोडी म्हणजे दोन्ही अंगांनी उतरती अशी चौकट, वर दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा चिकटवलेला. मोठी काच कधी आडवी न्यायची नसते. ती घोडीला टेकवून उभी ठेवायची आणि पट्ट्यांनी आवळायची. पट्टे आवळायचं काम तो दुसऱ्या कुणाला करू देत नसे. आवळून झालं की बोटाने पट्टा वाजवून बघे, मग पुन्हा एकदा वाजवे, आणि तरीही निघताना मागे वळून बघतच असे.

त्याला त्याची मुलगी बाबा म्हणते, म्हणून मीही बाबाच म्हणते. बाबा काच कापतात. आई दगडी चाकावर काचेच्या धारा घासून गुळगुळीत करते. मुलगी पंधरा वर्षांची असल्यापासून दोन्ही करते, आणि आता ती तिशीला आली आहे. त्यांची कामाची शेड रस्त्यापासून जरा उंचावर आहे आणि समोर सिमेंटचा चढ आहे. काच भरायची तर घोडी दारात यायला हवी, म्हणून मला रोज त्या चढावरून उलटं, मागे मागे वर जावं लागतं. तेव्हा आई मागे उभी राहून हात हलवत सांगते, ये, ये, ये, बस.

बाबांचा एका गोष्टीवर आंधळा विश्वास आहे. खिडकीची काच चौकटीत बसवल्यावर कडेने रबरासारखा पट्टा ओढतात ना, ते सिलिकॉन. नळ गळतोय, लाव सिलिकॉन. चपलेचा तळ सुटलाय, लाव सिलिकॉन. एकदा आईच्या चष्म्याची दांडी त्यांनी सिलिकॉनने अशी काही चिकटवली की चष्मा पुन्हा मिटलाच नाही, आणि आई तो वर्षभर उघडाच उशाशी ठेवून झोपली. पण काम सुबक. साबणाच्या पाण्यात बोट बुडवून ते पट्ट्यावरून एकदाच फिरवतात आणि बघणाऱ्याला वाटतं, हे मुळातच असं असणार.

गेल्या वर्षी एक जड काच उतरवताना बाबांचा खांदा निखळला. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली आणि माझं स्टीअरिंग मुलीच्या हाती आलं. तिला नुसती ड्रायव्हरकी नको होती. तिला ती शेड हवी होती, ते गिऱ्हाईक, ती मापं, ते सगळं काम. बाबांनी एक अट घातली. वर्षभर एकही काच न फोडता गाडी चालवून दाखव, मग शेड तुझी, मी नुसती मापं घेत हिंडेन. ती हो म्हणाली. तिच्या जागी मी असते तर मीही म्हटलं असतं, कारण तिचा हात चांगला आहे. अंडीवाल्यानंतर इतकं हळुवार मला कुणी चालवलं नव्हतं.

सात महिने निर्धोक गेले. आठव्या महिन्यात मला धाप लागायला लागली.

म्हणजे काय व्हायचं, ते सांगते. जागेवर उभी असले की मी एकदम छान, इंजिन एका लयीत. सिग्नल सुटला, तिने पाय दिला, की क्षणभर काहीच नाही. श्वास अडकायचा, छातीत पोकळ वाटायचं. आणि मग एकदम सगळा जोर एकवटून मी पुढे उडी घ्यायचे. माणसं याला गचका म्हणतात. मागे वजन असलं किंवा समोर चढ असला तर गचका मोठा. असं का होतंय, ते मला तरी कुठे माहीत होतं. दुखणाऱ्याला दुखतंय एवढंच कळतं.

पहिल्या गचक्याला घोडीवरच्या काचा नुसत्या किणकिणल्या. दुसऱ्या आठवड्यात एका खिडकीच्या काचेचा कोपरा उडाला. त्यानंतर बाबा तिच्या शेजारी बसून यायला लागले आणि सगळा रस्ताभर तिच्या उजव्या पायाकडे बघायला लागले. पाय हळू दे, म्हणायचे. हळूच दिला, ती म्हणायची. मग गाडी काय आपणहून उडी मारते, असं बाबा विचारायचे.

हो, आपणहून मारते. मला हे ओरडून सांगावंसं वाटायचं. माझ्याकडे हॉर्न आहे, चार दिवे आहेत, वायपर आहेत, पण ही चूक पोरीची नाही, माझी आहे, एवढं सांगायला त्यातलं एकही कामाचं नाही. त्या दिवसांत मला स्वतःचा फार राग आला.

मला दाखवलं नाही असं नाही. पहिल्या मेकॅनिकने माझ्या डॅशबोर्डखाली एक यंत्र जोडलं. यंत्र म्हणालं, हवा जास्त होतेय आणि पेट्रोल कमी पडतंय. त्याने त्यातलं पेट्रोल तेवढं ऐकलं आणि फिल्टर बदलला, मग पंप बदलला. दुसऱ्याने प्लग बदलले, वायरी बदलल्या आणि धुराच्या पाइपातला एक सेन्सर बदलला. बदलल्यावर दोघेही मला जागेवर उभी करून, बॉनेटवर हात ठेवून, इंजिन घुमवून बघायचे. आणि मी मेली तेव्हा असा गोड आवाज काढायचे की काही विचारू नका. डॉक्टरांच्या दारात गेलं की खोकला पळून जातो, तसं माझं झालं होतं.

मग एक दिवस बाबांनी स्वतः मला चालवून बघितलं. खांदा बरा होत आला होता, गल्लीतल्या गल्लीत एक फेरी मारायला हरकत नव्हती. हौदा रिकामा, रस्ता सपाट आणि बाबांचा वेग असा की शेजारून चालणाऱ्या आजी पुढे निघून गेल्या. एक तरी गचका द्यावा म्हणून मी जिवाचं रान केलं. तो नेमका येईना. बाबा उतरले आणि सरळ आत गेले. मुलगी दारातच उभी होती. ते काही बोलले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर चार दिवसांनी आरसा फुटला.

नाचाच्या शाळेची ऑर्डर होती. तिथल्या बाईंना भिंतीसाठी एकसंध आरसा हवा होता, माणसापेक्षा उंच, मध्ये जोड नसलेला. त्या दिवशी ती एकटीच घेऊन निघाली होती. टेकडीच्या चढावर सिग्नल लागला. मागे आरसा, समोर चढ. मला आधीच धडकी भरली होती. सिग्नल सुटल्यावर तिने पाय अगदी जपून दिला, इतका जपून की मला तो जेमतेम कळला. माझा श्वास अडकला आणि मग मी उडी घेतली. मागून जो आवाज आला तो मला अजून आठवतो.

तिने मला कडेला घेतलं, हातमोजे चढवले आणि हौद्यात पडलेले तुकडे गोळा केले, रस्त्यावर एकही पडू नये म्हणून. रडली नाही. शेडवर परत आल्यावर बाबांना म्हणाली, "माझाच पाय जड असेल, बाबा." आणि किल्ली टेबलावर ठेवली.

ते वाक्य मला आरशापेक्षा जास्त लागलं. इतके दिवस बाबा म्हणत होते आणि ती नाही म्हणत होती, तोवर निदान एक माणूस तरी खरं बोलत होतं. आता तिलाही ते पटलं होतं. फरशा विकणाऱ्या एका शोरूममध्ये काउंटरवर माणूस हवा होता. तिथे तिने फोन केला, आणि त्यांनी पुढच्या सोमवारी ये म्हणून सांगितलं. बाबांनी नव्या आरशासाठी गुरुवारची भाड्याची गाडी सांगून ठेवली. मी चढाच्या पायथ्याशी उभी राहिले. पंधरा वर्षं त्या शेडवर जीव लावलेली मुलगी सोमवारी निघून जाणार होती, तीही माझ्यामुळे, आणि हे फक्त मला माहीत होतं.

मंगळवारी आईने कुणाला न विचारता थांबाजींना बोलावलं. हे बस डेपोतून निवृत्त झालेले मिस्त्री. खरं नाव कुणी वापरत नाही. कुणी घाईघाईने गाडीचं दुखणं सांगायला लागलं की ते हात वर करून 'थांबा जरा' म्हणतात, म्हणून थांबाजी. ते सायकलवर आले. बरोबर एक टॉर्च आणि रबरी नळीचा हातभर तुकडा, एवढंच. माझं बॉनेट उघडायच्या आधी एका उलट्या खोक्यावर बसले आणि चहा मागितला. मला माणूस तिथेच आवडला.

बाबा सांगायला लागले. फिल्टर झाला, पंप झाला, प्लग झाले, गाडीत काही नाही, सवयीचा प्रश्न आहे. मुलगी आत काचेवर माप आखत होती, तिने मान वर केली नाही.

"थांबा जरा," थांबाजी म्हणाले. "गचका कधी येतो ते कळलं. कधी येत नाही ते सांगा."

असं बाबांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. तेवढ्यात शेडमधलं घासायचं चाक थांबलं.

"मागे घेताना येत नाही," आई म्हणाली. "दिवसातून चार वेळा ती उलटी चढ चढते आणि मी मागे उभी असते. एकदाही गचकली नाही. गचकली असती तर मी आज धडधाकट दिसले नसते."

बाबा म्हणाले, अगं मग हे आधी नाही का सांगायचं. आई म्हणाली, मला विचारलं कुणी. आणि तिने हात पुसले, पण चाक पुन्हा सुरू केलं नाही.

थांबाजींनी चहा अर्धा ठेवला, आणि त्यांच्या बाबतीत ही घाईच म्हणायची. ते बाबांना म्हणाले, चालवणारी तीच, पाय तोच, चढ म्हणाल तर मागे जातानाही चढच. मग तो पाय पुढे जाताना जड आणि मागे जाताना हलका कसा होईल? आतमध्ये मुलीच्या हातातली पेन्सिल थांबली, ते मला दारातून दिसलं.

मग त्यांनी माझ्या चाकांना लाकडी ठोकळे लावले, हँडब्रेक ओढला, बॉनेट उघडलं आणि मुलीला बसायला सांगितलं. ती नको म्हणाली, बाबांना बसवा म्हणाली. आईने तिच्याकडे नुसतं बघितलं. ती बसली. थांबाजी एका बाजूला वाकले, बाबा दुसऱ्या बाजूला. पहिला गिअर टाक, क्लच थोडासाच सोड आणि पेट्रोल दे, असं ते सांगत गेले. तिने दिलं. मी पुढे जायला बघत होते, ठोकळे जाऊ देत नव्हते, आणि त्या जोराने माझं इंजिन एका अंगावर कललं. तसं ते नेहमीच कलतं, पण जागेवर उभी असताना ते कुणाला दिसणार?

इंजिन कललं तसा हवेचा पाइप ताणला गेला. हवा गाळणाऱ्या डब्यापासून इंजिनापर्यंत जाणारा, मनगटाएवढा जाड रबरी पाइप. त्याच्या खालच्या अंगाला, जिथे नजर जात नाही तिथे, एक चीर होती. ती ओठ विलगावेत तशी उघडली. थांबाजींनी नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं तिच्याजवळ नेलं आणि मान हलवली.

मग म्हणाले, आता मागचा गिअर टाक. इंजिन दुसऱ्या अंगावर कललं आणि चीर मिटली. पुन्हा पुढचा, उघडली. पुन्हा मागचा, मिटली. बाबा वाकून बघत होते. त्यांचा चेहरा मला अगदी जवळून दिसत होता.

थांबाजींनी समजावून सांगितलं ते असं. डब्याजवळ एक यंत्र आत जाणारी हवा मोजतं, आणि जेवढी मोजली तेवढंच पेट्रोल इंजिनाला मिळतं. त्यापुढे या चिरेतून चोरून शिरलेली हवा मोजलीच जात नाही. हवा जास्त, पेट्रोल कमी, म्हणून हिचा दम कोंडतो. पहिल्या मेकॅनिकच्या यंत्राने हेच सांगितलं होतं. ऐकणाऱ्याने अर्धं ऐकलं.

मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू. माझ्या दुखण्याला नाव मिळालं होतं आणि ते नाव पोरीच्या पायाचं नव्हतं.

पण थांबाजींचं बोट अजून पाइपाखालीच फिरत होतं. त्यांनी टॉर्च जवळ नेला. चिरेच्या दोन्ही कडांना काळ्या सिलिकॉनचा पट्टा होता, मधून फाटलेला. "हे कंपनीचं काम नाही," ते म्हणाले. "पण केलंय फार सुबक. कुणी केलं?"

मुलगी खाली उतरून बघायला आली. पट्ट्यावर लांबच्या लांब एक बारीक रेघ उमटलेली होती, केसाएवढी उंच. बाबांच्या तर्जनीला काचेने कापल्याची जुनी खाच आहे आणि त्यांनी बोट फिरवलेल्या प्रत्येक पट्ट्यावर ती रेघ उठते. आसपासच्या शंभर-दोनशे खिडक्यांना ती आहे. मुलीने रेघ बघितली. ती ओळखीची आहे हे तिच्या डोळ्यांत दिसलं. आता सगळा राग काढायची तिला पूर्ण मुभा होती. पण ती मागे सरून फडक्याने हात पुसत राहिली.

बाबाच बोलले. "मीच लावलंय हे. नवा पाइप चार दिवसांनी येणार होता. म्हटलं, तोवर चालेल. मग आणायचा राहूनच गेला."

"किती वर्षं झाली?"

"सहा."

"तेलाच्या वाफेत सहा वर्षं टिकलं?" थांबाजी म्हणाले. "मग कामात खोट नाही. जागा चुकली."

बाबांनी ते हसण्यावारी नेलं असतं तर मी त्यांना माफ केलं नसतं. त्यांनी नेलं नाही. ते मुलीकडे वळले.

"पाय तुझा बरोबर होता," ते म्हणाले. "मी दोन महिने उगाच त्याच्याकडे बघत बसलो."

"मीही बघायला लागले होते, बाबा," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

बाबांनी डोक्यावर हात ठेवायला उजवा हात वर नेला, खांद्यातून कळ आली, म्हणून डावा ठेवला. वर्ष संपायची वाट बघत बसू नकोस, म्हणाले. शेड आजपासून तुझी. आई आत गेली आणि चाक सुरू केलं. तिला रडू लपवायचं असलं की ती काच घासते, हे मी किती वर्षं बघतेय.

बुधवारी नवा पाइप आला. दोन पट्ट्या, चार स्क्रू, दहा मिनिटांचं काम. थांबाजींनी मला चालू केलं आणि मी पहिला श्वास घेतला तो थेट पोटापर्यंत गेला. माझा जीव भांड्यात पडला. शिवाय पंप नवा, प्लग नवे, फिल्टर नवा, सेन्सर नवा. गरज नसताना मिळालेलं हे सगळं मी मुकाट्याने ठेवून घेतलंय.

तुम्ही माणसं हुशार आहात, पण तुमच्यात एक खोड आहे. काही बिनसलं की जो समोर दिसतो त्याला तुम्ही धरता. पाय दिसतो, पाइप दिसत नाही. आणि रोज मागे उभी राहून सगळं बघणारी बाई तर तुम्हाला दिसतच नाही. माझी एवढीच विनवणी आहे, की कुणाला बोल लावायच्या आधी एकदा वाकून खाली बघा, आणि ज्याला कुणी विचारत नाही त्याला विचारा. वाकायला जमत नसेल तर निदान बोलू तरी नका.

आज गुरुवार आहे. बाबांनी भाड्याची गाडी नको म्हणून कळवलं, मुलीने शोरूममध्ये फोन करून येत नाही म्हणून सांगितलं, आणि नवा आरसा आज माझ्याच घोडीवर आहे. पट्टे तिने आवळले. बाबा शेजारी बसले, पहिल्या वळणापर्यंत समोर बघत होते, मग खिडकीबाहेर बघायला लागले. टेकडीच्या चढावर सिग्नल लागलाच. तो सुटला, तिने पाय दिला, आणि मी उठले, सरळ, एका दमात, हौद्यात साधी किणकिणसुद्धा न होता. तिने हसून बाबांकडे बघितलं. बाबांची मान खिडकीला टेकली होती. चढ कधी आला आणि कधी संपला, त्यांना पत्ताच नव्हता. ती चालवत असताना बाबांना झोप लागलेली मी पहिल्यांदाच बघितली.

आत्ता आम्ही नाचाच्या शाळेसमोर उभे आहोत. बाई दार उघडून बाहेर आल्या होत्या. मुलीने त्यांना हातानेच पाच मिनिटं मागितली, त्यांनी काचेतून बाबांकडे बघितलं आणि मान डोलावली. तिने माझं इंजिन बंद केलंय आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बाबांना जाग यायची वाट बघत बसली आहे. तेव्हा मीही आता बोलायचं थांबते.